आमची बोगी

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही आमची कॅराव्हॅन विकली. ऑगस्ट २०१७ पासून सव्वासहा वर्षे ती आमच्याकडे होती. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची, चौदा फूट लांबीची, आत पाच जणांच्या झोपण्याची सोय असलेली ती खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मुलांनी तिचे नाव ‘बोगी’ ठेवले, आणि त्यानंतर आमच्या घरात तिला दुसऱ्या कोणत्याही नावाने कोणी हाक मारली नाही. ती विकल्यापासून ओळखीची अनेक माणसे विचारतात, की एवढा खर्च करून काय मिळवले, आणि जागोजागी हॉटेले असताना हे ओझे मागे बांधून हिंडण्याची गरज काय होती. या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता येते, पण ते चारचौघांत बोलायला माणसे संकोचतात. आम्ही बोगी घेतली ती शौचालयासाठी.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीत असताना दर मे महिन्यात त्या एसटीने कुठे ना कुठे जाऊन येत. लग्नानंतरची पहिली काही वर्षे मीही त्यांच्याबरोबर नरसोबाची वाडी, गणपतीपुळे, औंढा नागनाथ अशी ठिकाणे पाहिली आहेत. पण पासष्टी ओलांडल्यावर त्या हळूहळू नकार देऊ लागल्या. “तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते,” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले, की त्यामागे काही कारण असेल असे आम्हाला वाटेनासे झाले. गुडघे दुखतात, एवढेच आम्ही धरून चाललो होतो.

२०१६ च्या दिवाळीनंतर आम्ही आग्रह करून त्यांना अक्कलकोट आणि तुळजापूरला नेले. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. सकाळी निघताना त्यांनी चहा घेतला नाही, वाटेत पाणी घेतले नाही. मी विचारले तर “तहान नाही गं” म्हणाल्या. इंदापूरच्या पुढे मात्र त्यांना थांबावेच लागले. पहिल्या पंपावर ‘किल्ली साहेबांकडे आहे, साहेब जेवायला गेलेत’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी दार उघडे होते, पण त्याला आतून कडी नव्हती, फरशीवर घोट्याएवढे पाणी होते आणि बसायचे भांडे भारतीय पद्धतीचे होते, ज्यावर गुडघे न वाकणारी बाई बसूच शकत नाही. मी बाहेरून दार ओढून धरले आणि त्या भिंतीला दोन्ही हात टेकून कशाबशा मोकळ्या झाल्या. सोलापूरला पोहोचेपर्यंत त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की मधुमेह असलेल्या व्यक्तीने दिवसभर पाणी न पिणे अतिशय धोक्याचे आहे. त्या रात्री लॉजवर त्या मला म्हणाल्या, “अगं, मला देव नकोसा झालेला नाही. मला रस्ता नकोसा झालाय.”

त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे वाक्य ऐकले. तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्याच्या विभागात आहे, आणि प्रत्येक अडचणीला नट-बोल्टाचे उत्तर असते असे मानणारा माणूस आहे. पुढचे आठ महिने त्याने याच एका गोष्टीचा अभ्यास केला. इंजिनासह येणारे मोठे मोटारघर आमच्या आवाक्याबाहेर होते. ओढता येणारा ट्रेलर मात्र पिंपरी-चिंचवड भागातल्या, गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका बॉडी बिल्डरने बांधून देण्याचे कबूल केले. आमच्याकडे स्कॉर्पिओ होतीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन समजले जाते, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी करून त्याला स्वतःचा क्रमांक घ्यावा लागला. सगळे धरून साडेसहा लाख रुपये लागले, जे आम्ही मुळात स्वयंपाकघर नव्याने करण्यासाठी बाजूला ठेवले होते.

ती उभी कुठे करायची, हा प्रश्न आम्ही आधी सोडवायला हवा होता. आमच्या सोसायटीत दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. सभेत विषय निघाला आणि पाच मिनिटांत संपला. सभासदांचे म्हणणे रास्त होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शेवटी खेड शिवापूरला माझ्या मामेसासऱ्यांचा एक रिकामा प्लॉट होता, तिथे पत्र्याची शेड टाकून बोगी ठेवली. म्हणजे प्रत्येक प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी कात्रजचा बोगदा ओलांडून तिथे जायचे, पाणी भरायचे, टायरची हवा पाहायची आणि पहाटे निघायचे, असा आमचा क्रम ठरून गेला. पुण्यात कोणी अशी वस्तू घेण्याचा विचार करत असेल, तर गाडी पाहण्याआधी जागा पाहावी, एवढे मी अगदी मनापासून सांगेन.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बोगीच्या मागच्या कोपऱ्यात तीन फूट बाय अडीच फुटांची एक न्हाणी होती, आणि तिच्यात कॅसेट टॉयलेट बसवलेले होते. ही व्यवस्था आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नसते म्हणून थोडी सविस्तर सांगते. दिसायला ते कमोडसारखेच असते, पण खाली मलवाहिनी नसून साधारण अठरा लिटरची एक बंद टाकी असते. वापरून झाल्यावर एक खटका सरकवला, की मधली झडप उघडते, थोडे पाणी सोडले की भांडे साफ होते आणि झडप परत बंद केली की वास वर येत नाही. टाकीत आधी थोडे पाणी आणि दुर्गंध रोखणारे द्रव्य घातलेले असते. टाकी भरली की बोगीच्या बाहेरच्या बाजूचे एक छोटे दार उघडून ती सुटकेससारखी ओढून काढायची आणि एखाद्या शौचालयात रिकामी करायची. ही योजना ज्या देशांत निघाली तिथे कागद वापरतात. आपण पाणी वापरतो. त्यामुळे ज्या टाकीला तिकडे तीन-चार दिवस लागत असतील, ती पाच जणांच्या कुटुंबात दीड दिवसातच भरते, हे आम्हाला पहिल्याच मुक्कामी समजले. म्हणून नियम केला, की नवऱ्याने आणि धाकट्या मुलाने शक्यतो बाहेरची सोय बघायची, आणि बोगीतले शौचालय आईंसाठी, माझ्यासाठी आणि मुलीसाठी राखून ठेवायचे. टाकी रिकामी करण्याचे काम नवऱ्याने स्वतःकडे घेतले आणि सव्वासहा वर्षांत एकदाही दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. शेतात, ओढ्यात किंवा किनाऱ्यावर ती कधीही रिकामी केली नाही.

आईंनी बोगी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गादी, शेगडी, खिडक्यांचे पडदे यांच्याकडे लक्ष न देता त्या सरळ मागे गेल्या, न्हाणीचे दार लावले, आतली कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “इथे हाताला धरायला एक दांडी हवी.” दुसऱ्या दिवशी भिंतीला स्टीलची दांडी बसली. बॉडी बिल्डरने दिलेल्या पायऱ्या फार उंच होत्या, त्या बदलून सात इंचांच्या तीन पायऱ्या करून घेतल्या. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक होता, त्यामुळे आई प्रवासात गाडीतच पुढे बसत. पण त्यांनी नुसते “थांबू या” म्हटले, की सुरक्षित जागा पाहून आम्ही थांबत असू, पायऱ्या खाली करत असू, आणि दोन मिनिटांत पुढे निघत असू. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला गेलो, त्या प्रवासात आईंनी गाडीत बसल्याबसल्या एक लिटरची बाटली संपवली. ती रिकामी बाटली मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

ट्रेलर ओढणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती आम्हाला एका भीतीच्या प्रसंगातून शिकावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कासचे पठार पाहून साताऱ्याहून परत येत होतो. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला, की उतार आणि त्यातच इंग्रजी एस अक्षरासारखे वळण लागे. तिथे पोहोचण्याच्या आधीच, ताशी ऐंशीच्या वेगात एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि मागे बोगी डावी-उजवीकडे झुलू लागली. आधी थोडी, मग अधिक, मग इतकी की गाडीची मागची बाजूही तिच्याबरोबर ओढली जाऊ लागली. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणे आणि स्टिअरिंग उलटे फिरवणे या दोन्ही गोष्टी घात करतात. नवऱ्याने वाचलेले नशिबाने त्याला आठवले. त्याने स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवले आणि फक्त अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. झुलणे हळूहळू थांबले. बोगदा आणि ते वळण आम्ही ताशी तीसने उतरलो, आणि उतार संपल्यावर बाजूला थांबलो तेव्हा मागच्या सीटवर मुलगी रडत होती.

कारण वजनाच्या वाटणीत होते. दुसऱ्या आठवड्यात शिरवळजवळच्या एका वजनकाट्यावर बोगी नेली. भरलेली बोगी ११३० किलो भरली. मग फक्त पुढचे छोटे चाक काट्यावर येईल अशी ती उभी केली, तेव्हा काटा जेमतेम तीस किलो दाखवू लागला. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. तो फार कमी असेल तर नाक हलके होते आणि शेपूट झुलते. बांधणाऱ्याने ऐंशी लिटरची पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही मागच्या टोकाला, न्हाणीजवळ, बसवल्या होत्या, कारण तिथे नळ्या कमी लागत होत्या. ऐंशी लिटर म्हणजे चाकांच्या मागे सतत ऐंशी किलोंचे ओझे. आम्ही त्याच्याकडे तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने “असेच असते” म्हणून हात झटकले. याचा मला आजही राग आहे, कारण त्या गाडीत माझी मुले होती. शेवटी टाकी आणि बॅटरी पुढे आणण्याचे काम नवऱ्याने स्वतः दोन रविवार घालवून केले. परत वजन केले तेव्हा हुकावर शंभरच्या आसपास भार आला, आणि त्यानंतर बोगी कधी झुलली नाही. वेगही आम्ही साठच्या वर नेला नाही.

बोगी खेड शिवापूरला असल्यामुळे कोकणात जायचे म्हणजे प्रवासाची सुरुवातच कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने होई. पुण्यात राहणाऱ्याला या उताराबद्दल वेगळे सांगायला नको. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक तिथे किती वेळा समोरच्या गाड्यांवर गेले आहेत, हे आपण सगळेच वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. बोगीला ओव्हररन ब्रेक होते. गाडी मंदावली की मागचा ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्यानेच गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडातली, म्हणजे कपलिंगमधली, दांडी मागे सरते आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात, अशी ती सोपी रचना असते. पण लांब उतारावर हे ढकलणे सतत चालू राहते आणि ड्रम तापतात. म्हणून बोगदा संपण्याआधीच दुसरा गिअर टाकायचा, मागून कितीही हॉर्न वाजले तरी वेग वाढवायचा नाही, आणि ताम्हिणी उतरताना मध्ये दोनदा थांबून चाकाजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णता पाहायची, हे आम्ही कधी चुकवले नाही.

मागे घेणे त्याहून अवघड. गाडी उजवीकडे वळवली की ट्रेलर डावीकडे जातो, आणि एकदा तो दुमडायला लागला की पुढे जाऊन सरळ करण्यावाचून उपाय नसतो. मी ते धायरीच्या एका मोकळ्या मैदानावर शिकले. स्टिअरिंगला खालच्या बाजूने धरायचे आणि हात जिकडे नेऊ तिकडे बोगी जाईल, एवढे लक्षात ठेवायचे. ही विद्या खरी कामाला आली ती मार्च २०१९ मध्ये. मंडणगडहून वेळासकडे जाताना एका अरुंद वळणावर समोरून एसटी आली. एसटीला मागे जायला जागा नव्हती. गाडी त्या वेळी मी चालवत होते. मागे येण्यासाठी ओव्हररन ब्रेकची कळ अडकवावी लागते, नाहीतर बोगी जागची हलत नाही. नवरा ती अडकवायला उतरला, तोवर एसटीचे कंडक्टर स्वतः खाली उतरून बोगीच्या मागे जाऊन उभे राहिले. शिट्टी तोंडात आणि हात वर. “येऊ द्या ताई, येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावं दाबा... येऊ द्या...” अशी त्यांनी मला जवळजवळ दोनशे फूट मागे नेली. एसटी पुढे जाताना आतल्या सगळ्यांनी खिडक्यांतून बोगी पाहिली, आणि एका आजोबांनी आईंना हात जोडले.

वेळासला ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ती पाहायची होती. आम्ही एका सुपारीच्या वाडीत मालकांच्या परवानगीने बोगी लावली होती, जेवण त्यांच्याकडेच होते. मऊ वाळूतून चालणे मात्र आईंना जमणार नव्हते, आणि तिथे बोगीचाही काही उपयोग नव्हता. वाडीतल्या दोन मुलांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून पाहणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत नेली, आणि आई त्या खुर्चीत बसून पहाटे ती तळहाताएवढीही नसलेली पिल्ले लाटेकडे सरकताना पाहत होत्या. एक पिल्लू तीनदा लाटेने मागे फेकले गेले. आई प्रत्येक वेळी अर्ध्या उठत होत्या.

आतले आयुष्य लहान लहान सवयींचे होते. दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, ओट्याखाली सहा डबे. निघण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद केला का, हे दोघांनी वेगवेगळे पाहायचे. पहिल्या प्रवासात डब्यांची झाकणे उघडून पोहे, साखर आणि मोहरी सगळ्या जमिनीवर एकत्र झाली, तेव्हापासून कपाटांना चिमट्याच्या कड्या लागल्या. मुक्कामी पोहोचल्यावर बोगी सपाट उभी असणे फार महत्त्वाचे असते, कारण तिरप्या बोगीत झोप लागत नाही आणि न्हाणीतले पाणी भलतीकडे वाहते. नवऱ्याकडे त्यासाठी गवंड्याची स्पिरिट लेव्हल होती, पण आईंचा विश्वास त्यांच्या पितळी वाटीवर होता. वाटीत काठोकाठ पाणी भरून त्या ओट्यावर ठेवत आणि पाणी कोणत्या काठाला टेकते ते पाहून सांगत, “डाव्या चाकाखाली अजून एक फळी.” पाणी चारी बाजूंनी सारखे झाले, की मगच चहाचे आधण चढे.

खेड्यात थांबलो की माणसे जमत. ‘शूटिंग आहे का?’ हा पहिला प्रश्न. औंढ्याच्या पुढे एका गावी मात्र एक बाई तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन बोगीच्या दाराशी आली, कारण तिला तो फिरता दवाखाना वाटला. आम्ही तिला गाडीत बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. बोगीपाशी मुलांसह बसून राहिलेल्या आईंसाठी त्या बाईच्या सासूने भाकरी आणि ठेचा आणून दिला होता. लोणार, हंपी, कोयनानगर, गुहागर, दोनदा अक्कलकोट, अशी बरीच ठिकाणे झाली, ती सगळी इथे सांगत बसत नाही. आईंनी एक दोनशेपानी वही केली होती. तीत त्या प्रत्येक मुक्कामाची तारीख, गाव, जागा कोणी दिली त्यांचे नाव आणि पाणी कुठून भरले, हे लिहीत. वहीत एकशे त्रेचाळीस मुक्काम आहेत. २०२० मध्ये मार्चनंतर आठ महिने एकही नोंद नाही. त्या काळात उंदरांनी बोगीची वायरिंग खाल्ली होती.

पण त्या वहीत सर्वांत जास्त मजकूर आहे तो जून-जुलै २०२२ चा. दोन वर्षे पायी वारी झाली नव्हती, आणि त्या वर्षी ती पुन्हा निघाली. आईंच्या मनात तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीचे गोल रिंगण पाहायचे होते. माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरचे शेत बेलवाडीजवळ आहे. वाहनांना रस्ते बंद होण्याच्या आधी आम्ही कापूरहोळ, नारायणपूर, सासवड, मोरगाव, बारामती अशा मार्गाने बोगी तिथे नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी दिंड्या येऊ लागल्या. एक म्हातारी वारकरी बाई, डोक्यावर तुळशीवृंदावन, शेताच्या बांधावर टेकली. आई पाणी घेऊन गेल्या. ती पाणी घेईना. आईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि तिच्या जवळ वाकून काहीतरी विचारले. मला ऐकू आले नाही, पण कळले. आईंनी तिच्या डोक्यावरचे वृंदावन स्वतःच्या हातात घेतले, तिला हात धरून तीन पायऱ्या चढवल्या आणि दांडी कशी धरायची ते दाखवले.

ती बाहेर आली आणि तांब्याभर पाणी प्यायली. मग तिने मागे वळून आपल्या दिंडीतल्या दोघींना हाक मारली. संध्याकाळपर्यंत किती जणी येऊन गेल्या ते आम्ही मोजले नाही. वारीच्या वाटेवर ‘निर्मल वारी’ या उपक्रमाची फिरती शौचालये उभी असतात आणि त्यांनी फार मोठा फरक पडला आहे, हे आम्ही तिथे प्रत्यक्ष पाहिले. पण तिथल्या रांगेत उभे राहणे किंवा उंच पायरी चढून खाली बसणे ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, अशा म्हाताऱ्या बायका बोगीकडे येत होत्या. अठरा लिटरची टाकी नवऱ्याने त्या दिवशी पाच वेळा ओढून काढली आणि मैत्रिणीच्या घरच्या शौचालयात नेऊन रिकामी केली. मुलगी बादलीने पाणी वाहत होती. आई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येकीला तेच सांगत होत्या, “माउली, आतून कडी लागते. सावकाश या.” रिंगण सुरू झाल्याचा गलका आला, पताका धावू लागल्या, मृदंग ऐकू आले, तेव्हा मी म्हटले, “आई, चला ना, घोडा सुटेल आता.” त्यांनी आतल्या बाईकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “ती बाहेर येऊ दे. तू जा मुलांना घेऊन.” रिंगण आम्ही पाहिले. आईंनी ते पाहिले नाही, आणि त्याबद्दल पुढे कधी हळहळही व्यक्त केली नाही.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्याच वर्षी केरळनेही आणले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. या प्रकारच्या प्रवासाला खरी गरज फार थोड्या गोष्टींची असते : सपाट जमीन, पिण्याचे पाणी, विजेचा एक जोड आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची एक स्वच्छ, अधिकृत जागा. यांपैकी चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच आम्हाला कुठे मिळाली नाही. दर वेळी कोणाच्या तरी घरी किंवा हॉटेलात परवानगी मागावी लागे. बहुतेकांनी दिली. नाकारणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही, कारण ती मागणीच अशी आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात मामेसासऱ्यांनी प्लॉटवर घर बांधायला काढले. मुलाचे दहावीचे वर्ष होते. आणि आईंचे सत्त्याहत्तरावे वर्ष सुरू होते. गुडघ्यांच्या जोडीला आता कंबरही धरू लागली होती, आणि सात इंचांची पायरीही त्यांना मोठी वाटायला लागली होती. मार्चनंतर त्या बोगीत चढल्याच नव्हत्या. डिझेल, विमा, टायर, दुरुस्ती यांचा हिशेब नवऱ्याने काढला, तेव्हा दर मुक्कामाचा खर्च एका चांगल्या हॉटेलातल्या खोलीपेक्षा जास्तच भरला. पैशांच्या हिशेबाने ही खरेदी योग्य ठरत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही तो निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी तोच घेईन, आणि पाच वर्षे आधी घेईन.

विकत घ्यायला सांगलीचे एक जोडपे आले होते. बरोबर त्या गृहस्थांची आई होती, वयाने आमच्या आईंच्याच जवळपास. नवरा त्यांना ब्रेकची कळ, हुकावरचे वजन, बॅटरी, सगळे समजावून सांगत होता आणि ते दोघे वहीत लिहून घेत होते. त्या आजी मात्र शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, काही विचारत नव्हत्या. आमच्या आई काठी टेकत त्यांच्याजवळ गेल्या. “चला, दाखवते तुम्हाला,” म्हणाल्या. मी पुढे झाले, तर त्यांनी काठी माझ्या हातात दिली, दारालगतची दांडी धरली आणि एकेक पायरीवर थांबत तिन्ही पायऱ्या चढल्या. सांगलीच्या आजी त्यांच्या मागोमाग चढल्या. दोघी मागच्या कोपऱ्यात गेल्या. दार लागले, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.